कोरियन स्वयंपाक पुस्तकावरून शिकताना: पहिल्या डब्यापासून पहिल्या किमचीपर्यंत

कोरियन स्वयंपाकाचं पुस्तक घरी आलं की बहुतेक जण आधी फोटो चाळतात आणि त्यातला सगळ्यात देखणा पदार्थ पहिल्याच रविवारी करायला घेतात. सामानाची यादी पंधरा-वीस जिन्नसांची निघते, निम्मे जिन्नस घरात नसतात. मग त्यांच्या जागी हाताला येईल ते घातलं जातं आणि ताटात येतं ते ना कोरियन, ना आपलं. पुस्तक फळीवर जातं ते तिथेच राहतं.

असं होऊ नये म्हणून हा लेख. सुरुवात फोटोंपासून न करता डब्यांपासून करा. कोरियन घरातल्या रोजच्या जेवणाला चव येते ती मुख्यतः 'जांग'मुळे. जांग म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले मसाले. सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा करतात, त्या वाळवतात आणि आंबू देतात. मग त्या मिठाच्या पाण्यात मुरत ठेवतात. काही आठवड्यांनी पाणी वेगळं काढतात, तो सोया सॉस, म्हणजे गांजांग. खाली उरतो तो घट्ट लगदा आणखी मुरवला की होतं द्वेनजांग. तिसरा प्रकार गोचुजांग: मिरचीपूड, चिकट तांदूळ, त्याच सोयाबीनच्या विटांची पूड आणि मीठ यांचं गोडसर-तिखट लाल वाटण. जांग बनवण्याच्या या परंपरेचा युनेस्कोने 2024 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

नवशिक्याच्या दृष्टीने यातली फार मोलाची गोष्ट अशी की अवघड काम कुणीतरी महिनोन् महिने आधीच करून ठेवलेलं असतं. आपल्या वाट्याला उरतं ते थोडकं: भाजी नेमकी शिजवणं, आणि जांग किती व केव्हा घालायचं ते ओळखणं. ज्याला धड पोळी लाटता येत नाही त्यालाही हे जमतं, हे मी खात्रीने सांगते.

पुस्तक निवडताना काय बघायचं

बहुतेक चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत. दुकानात किंवा ऑनलाइन नमुन्याची पानं चाळताना तीन जागा उघडून बघा. पहिली, भाताची कृती. साध्या भाताला ज्या लेखकाने अख्खं पान दिलंय, तो तुम्हाला शिकवायला बसलाय असं समजा. दुसरी, पालकाची कृती. त्यात पालक किती सेकंद उकळायचा आणि नंतर किती पिळायचा हे लिहिलेलं हवं. नुसतं 'शिजवून घ्या' लिहिलं असेल तर ते पुस्तक नवख्यासाठी नाही. तिसरी जागा म्हणजे सामानाचं प्रकरण. डबे, बाटल्या आणि पाकिटांचे फोटो असतील, शेजारी कोरियन अक्षरांतली नावं असतील, तर दुकानात पुस्तक किंवा त्याचा फोटो समोर धरून अक्षरं जुळवता येतात. वरवर साधी गोष्ट आहे, पण सोया सॉसच्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांसमोर उभं राहिल्यावर तिची किंमत कळते.

मापं ग्रॅममध्ये दिलेली असतील तर आणखी उत्तम. आणि शेवटची सूची जिन्नसांप्रमाणे लावलेली असावी, म्हणजे अर्धा मुळा उरला की 'मुळा' शोधून त्याचं काय करायचं ते कळतं.

नावांच्या स्पेलिंगचा गोंधळ होतोच. कोरियन शब्द रोमन लिपीत लिहिण्याची सरकारी पद्धत 2000 साली बदलली. त्यामुळे एका पुस्तकात जे 'ग'ने लिहिलेलं असतं ते दुसऱ्यात 'क'ने सापडतं, 'द'च्या जागी 'त' येतो. एखादा पदार्थ सूचीत मिळत नसेल तर जोडीतल्या दुसऱ्या अक्षराखाली बघा.

पदार्थाच्या नावाचा शेवट मात्र जरूर लक्षात ठेवा, कारण त्यावरून कृतीचा प्रकार कळतो. 'मुचिम' असेल तर उकळलेली किंवा कच्ची भाजी हाताने मसाल्यात कालवलेली. 'बोक्कुम' म्हणजे परतलेलं. 'जोरिम' म्हणजे सोया सॉसच्या रसात आटवलेलं. 'जोन' म्हणजे पिठात बुडवून तव्यावर तेलात भाजलेलं. 'गुक' पातळ सूप, 'जिगे' त्यापेक्षा दाट आणि खारट, भाताबरोबर खायचं. बटाट्याचं बोक्कुम, बटाट्याचं जोरिम आणि बटाट्याचं जोन हे तीन अगदी वेगळे पदार्थ आहेत. एवढं कळलं की पुस्तकातली दीडशे पानं अचानक पाच-सहा कामांमध्ये वाटली जातात आणि धास्ती कमी होते.

पहिली खरेदी: पाच वस्तू, त्याहून जास्त नकोत

गोचुजांग, द्वेनजांग, सोया सॉस, गोचुगारू आणि भाजलेल्या तिळाचं तेल. पहिल्या महिन्यात मसाल्यांच्या डब्या-बाटल्या एवढ्याच. पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, शहरात कोरियन कुटुंबं राहतात आणि कोरियन किराणाही मिळतो. मुंबईतही मिळतो, बाकी ठिकाणी ऑनलाइन मागवावा लागतो. डब्यांच्या रंगांवरून ओळख पटते: गोचुजांगचा डबा बहुतेक वेळा लाल, द्वेनजांगचा तपकिरी. हिरवा असतो तो स्सामजांग, म्हणजे दोन्हींचं तयार मिश्रण. तो आत्ता नको. गोचुजांगवर तिखटपणाच्या पाच पायऱ्यांपैकी एक छापलेली असते, मधली घ्या. तारीख वाचताना जपा. कोरियन पाकिटावर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असतो.

सोया सॉसच्या बाबतीत हट्टी राहा. आपल्याकडे चायनीज गाड्यांवर असतो तो काळा, घट्ट, कॅरमलचा रंग घातलेला सॉस इथे चालत नाही. त्याने पदार्थ काळा पडतो आणि चव एकसुरी लागते. लेबलवर सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच किंवा जवळपास एवढंच असलेला, नैसर्गिकरीत्या आंबवलेला सॉस घ्या. पुस्तकात 'सूपचा सोया सॉस' असा वेगळा प्रकारही येईल. तो रंगाने फिका आणि चवीला जास्त खारट असतो. पहिल्यांदा तो घेऊ नका. त्याऐवजी नेहमीचा सॉस थोडा कमी घालून वर चिमूटभर मीठ टाका.

तिळाच्या तेलाबद्दल मराठी घरांत हमखास घोळ होतो. आपल्याकडचं घाण्याचं तीळतेल बहुधा न भाजलेल्या तिळाचं असतं, फिकं आणि सौम्य. कोरियन तेल खरपूस भाजलेल्या तिळाचं, तपकिरी आणि अतिशय सुवासिक असतं. ते परतायला वापरायचं तेल नव्हेच. गॅस बंद केल्यावर चमचाभर घालायचं. परतायला घरातलं शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल चालतं.

गोचुगारू म्हणजे बिया काढून जाडसर कुटलेली मिरची. तिचा रंग गडद आणि तिखटपणा बेताचा, मागे थोडी गोडी असते. पुस्तकात 'पाव कप मिरची' वाचून घाबरायला होतं ते आपण मनात आपलं लाल तिखट धरतो म्हणून. गोचुगारू मिळालीच नाही तर ब्याडगी मिरची बिया काढून, उन्हात कडक करून मिक्सरवर थांबत थांबत जाडसर फिरवा. संकेश्वरी किंवा लवंगी घेऊ नका. बारीक काश्मिरी पूडही नको, ती रसात विरघळून लापशीसारखी होते आणि भाजीला धरत नाही.

कशाला पर्याय चालतो आणि कशाला नाही, याची माझी विभागणी सरळ आहे. गोचुजांग आणि द्वेनजांगला पर्याय नाही. द्वेनजांगच्या जागी जपानी मिसो सुचवलेला दिसतो, पण तो गोड आणि मवाळ लागतो, पदार्थच बदलतो. तांदळाच्या सिरपऐवजी मात्र साखर खुशाल वापरा, एक मोठा चमचा सिरप म्हणजे साधारण दोन छोटे चमचे साखर. गूळ नको, त्याची स्वतःची चव वर येते. कोरियन पेअरऐवजी आपलं नाशपती किंवा सफरचंद किसून घाला. पातीचा कांदा तोच. मात्र पनीर टोफूची जागा घेऊ शकत नाही, ते रस्सा शोषत नाही.

उघडल्यावर गोचुजांग आणि द्वेनजांग फ्रिजमध्ये ठेवायचं आणि कोरडा चमचा वापरायचा. वरचा थर काळपट झाला तर घाबरू नका, हवेने तसं होतं. गोचुगारू फ्रीझरमध्ये ठेवली तर तिचा रंग टिकतो.

मापांचा गुंता एकदाच सोडवून टाका

कोरियन मापाचा कप 200 मिलीचा. अमेरिकन पुस्तकातला साधारण 240 मिलीचा. राइस कुकरबरोबर येतो तो 180 मिलीचा. आणि आपल्या वाट्या तर घरोघरी वेगळ्या. पुस्तकाच्या पहिल्या काही पानांत कप कुठला ते लिहिलेलं असतं, ते शोधा आणि पेन्सिलने पहिल्याच पानावर मोठं लिहून ठेवा. चमच्याचंही तसंच. मापाचा मोठा चमचा 15 मिलीचा, पण कोरियन घरगुती कृतींमध्ये कधी कधी जेवायचा चमचा मोजतात आणि त्यात त्याहून कमी मावतं.

मिठाचा फरक सगळ्यात महाग पडतो. अमेरिकेत छापलेल्या पुस्तकांत 'कोशर' मीठ सांगितलेलं असतं. ते जाड आणि पोकळ असतं. त्याच चमच्यात आपलं बारीक मीठ वजनाने जवळजवळ दुप्पट मावू शकतं. म्हणून कोशर मीठ एक चमचा लिहिलं असेल तर आपलं अर्धा चमचा घाला आणि चाखून वाढवा. पंचवीस-तीस ग्रॅमसुद्धा नीट दाखवणारा छोटा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतलात तर हा प्रश्नच राहत नाही. कोरियन दगडी वाडगा, मातीचं भांडं वगैरे घेण्याआधी मी काटा घ्यायला सांगेन. बाकी कढई, तवा, झाकणाचं जाड पातेलं एवढ्यावर वर्षभर निभतं.

पहिला आठवडा: भात आणि पालक

कोरियन जेवण भाताभोवती मांडलेलं असतं. समोर डावीकडे भात, उजवीकडे सूप, भोवती किमची आणि लहान लहान वाट्यांत भाज्या, ज्यांना बांचान म्हणतात. सगळं एकदम मांडतात, एकामागून एक वाढत नाहीत. बांचान गार किंवा कोमट खातात आणि बरेचसे दोन-तीन दिवस टिकतात. नोकरी करून स्वयंपाक करणाऱ्याला ही पद्धत मोठा आधार आहे. रविवारी तीन बांचान करून ठेवले की बुधवारपर्यंत रोज फक्त भात लावायचा.

भात आखूड दाण्याचा, चमच्यावर गोळा राहील असा हवा. बासमती इथे अजिबात नको. कोरियन किंवा जपानी तांदूळ महाग वाटला तर मावळातला इंद्रायणी घ्या. त्याचा वास वेगळा असला तरी चिकटपणा कामाचा आहे. तांदूळ पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा चोळून धुवा. ज्या दिवशी जिगे करायचं असेल त्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या वेळचं पाणी फेकू नका, ते लागेल. अर्धा तास भिजवून निथळा. कोरियन तांदळाला मापाइतकंच किंवा किंचित जास्त पाणी, इंद्रायणीला साधारण दीडपट. पाणी उकळलं की झाकण ठेवून मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं, मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकलेलाच ठेवा. मीठ आणि तेल घालायचं नाही. बाजूच्या सगळ्या वाट्या खारट असतात, भात त्यांना सावरतो.

आता पालक. एक मोठी जुडी, निवडून साधारण 250 ग्रॅम. भरपूर पाण्याला उकळी आणा, मीठ टाका, पालक बुडवा. आपला पालक कोवळा असतो, त्याला वीस-तीस सेकंद पुरतात. लगेच गार पाण्यात काढा आणि मग दोन्ही हातांत धरून पिळा. पाणी निघायचं थांबेल तोवर पिळायचा, नाहीतर सगळा मसाला त्या पाण्यात जातो. जुडीचा लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा उरतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं. तसं काही नाही. गोळा दोन-तीन ठिकाणी कापून मोकळा करा. एक लसूण पाकळी ठेचून, एक छोटा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा भाजलेल्या तिळाचं तेल आणि भाजून हाताने चुरडलेले तीळ घालून बोटांनी हलकं कालवा. चमच्याने नको, पाला एका जागी गोळा होतो.

हा पालक आठवडाभरात दोन-तीनदा करा. त्यात शिजवणं, पिळणं आणि चव लावणं ही तिन्ही कामं उघडी दिसतात, लपायला जागा नाही. पुढे याच पद्धतीने गाजर, काकडी, कोबी, मश्रूम होतात. चार-पाच प्रकार जमले की भातावर मांडून वर अंडं आणि चमचाभर गोचुजांग ठेवायचं, झालं बिबिमबाप. पुस्तकात ते सुरुवातीला असतं, पण खरं तर त्याची जागा इथे, भाज्या हाताखालून गेल्यावर.

मोडांबद्दल एक सूचना. पुस्तकात सोयाबीनचे किंवा मुगाचे मोड येतात ते बोटभर लांब असतात. उसळीसाठी आपण आणतो ते मोड आलेले मूग त्यांच्या जागी चालत नाहीत. लांब मोड शहरातल्या मोठ्या भाजी दुकानांत मिळतात. सोयाबीनचे मोड शिजवताना झाकण ठेवायचं तर शेवटपर्यंत ठेवा, उघडं शिजवायचं तर शेवटपर्यंत उघडं. मध्येच झाकण काढलं तर कच्च्या सोयाबीनचा उग्र वास राहतो.

दुसरा आठवडा: बटाटा आणि जिगे

बटाट्याचं जोरिम सगळ्यांना आवडतं, लहान मुलांनाही. 300 ग्रॅम बटाटे दोन सेंटिमीटरच्या फोडी करून दहा मिनिटं पाण्यात ठेवा, म्हणजे पिठूळपणा जातो. पुसून तेलावर कडा पारदर्शक होईपर्यंत परता. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा साखर, दोन लसूण पाकळ्या ठेचून आणि पाऊण कप पाणी घाला. मध्यम आचेवर उघडंच आटू द्या, दहा-बारा मिनिटं. रस चकाकता होऊन फोडींना लपेटला की गॅस बंद करा. तिळाचं तेल आणि तीळ आता, आधी नाही.

इथेच आपल्या हाताची एक जुनी सवय आडवी येते. तेल तापवलं की मोहरी, जिरं, हिंग, हळद यांच्याकडे हात जातोच. या स्वयंपाकात फोडणी नाही. सुवास सुरुवातीला तेलात न काढता शेवटी वरून दिला जातो. हळद नाही, कांदा तांबूस होईपर्यंत परतणं नाही, गरम मसाला तर नाहीच. पहिले काही दिवस पदार्थ अपुरा वाटतो, पण तसाच राहू द्या. आणि सुरुवातीला मीठ घालू नका. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्येच साधारण अडीच ग्रॅम मीठ असतं, द्वेनजांगही खारट. मिठाचा विचार पदार्थ झाल्यावर, चाखून.

सगळं कोरियन जेवण तिखट असतं हाही समज सोडा. मिरची कोरियात पोचली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस, असं साधारणपणे मानलं जातं. 1670 च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग या कोरियन स्त्रीने हंगुल या कोरियन लिपीत पाककृतींचं हस्तलिखित तयार केलं, त्यात मिरची नाही. वर सांगितलेले पालक आणि बटाटाही बिनमिरचीचेच आहेत.

द्वेनजांग जिगेसाठी आधी पाणी तयार करा. अडीच कप तांदूळ धुतलेलं पाणी, सात-आठ सुक्या अँकोव्ही (लहान मासळी) आणि तळहाताएवढा सुक्या केल्पचा, म्हणजे जाड समुद्री शेवाळाचा, तुकडा. अँकोव्हीचं डोकं आणि पोटातला काळा भाग काढून टाका, त्याने कडवटपणा येतो. उकळी आली की पाच मिनिटांत केल्प काढा, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. अँकोव्ही आणखी पाच मिनिटं ठेवून काढा. मुंबई-कोकणातली सुकी मांदेली ही अँकोव्हीच्याच कुळातली, पण तिचा वास जास्त उग्र. वापरायची तर तीन-चारच, आणि तव्यावर कोरडी भाजून. या पाण्यात एका बटाट्याच्या फोडी घाला. पाच मिनिटांनी झुकिनी किंवा कोवळा दुधी, कांदा आणि दोन मोठे चमचे द्वेनजांग गाळण्यात ठेवून चमच्याने विरघळवत घाला. मिसो उकळू देत नाहीत, द्वेनजांगला ते बंधन नाही. ते उकळायलाच हवं. दहा मिनिटांनी टोफूच्या फोडी, हिरवी मिरची आणि पातीचा कांदा, आणखी दोन मिनिटं, की झालं. द्वेनजांगचा वास सुरुवातीला तीव्र वाटतो. पहिल्यांदा दीडच चमचा घाला आणि गरम भाताबरोबर खा, नुसतं चाखून मत बनवू नका.

गोडा मसाला जसा घराघरात वेगळा, तसं द्वेनजांगही कंपनीगणिक वेगळं लागतं. कुणाचं जास्त खारट, कुणाचं गोडसर. म्हणून पुस्तकातला 'दोन चमचे' हा आकडा त्या लेखकाच्या डब्यासाठी खरा आहे. तुमच्या डब्याला दीड लागले तर समासात दीड लिहा. एकच ब्रँड काही महिने बदलू नका, म्हणजे जिभेला त्याचा अंदाज येतो.

शाकाहारी असाल तर

कोरियन पुस्तकातल्या भाज्यासुद्धा अनेकदा मासळीच्या पाण्यात शिजतात आणि किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा सॉस असतो. तयार किमची घेताना पाकिटावरचा हिरवा किंवा तपकिरी शाकाहारी-मांसाहारी शिक्का बघा आणि जिन्नसांची यादीही वाचा. घरी मात्र मार्ग सोपा आहे: अँकोव्हीऐवजी चार-पाच सुकी शिताके मश्रूम आणि केल्प अर्धा तास भिजवून उकळा. मासळीच्या सॉसऐवजी सोया सॉस, थोडा कमी.

याहून पुढे जायचं असेल तर कोरियन बौद्ध मठांतल्या स्वयंपाकाची प्रकरणं शोधा. तिथे मांस-मासे नाहीतच, शिवाय लसूण, पातीचा कांदा आणि त्यांच्या कुळातल्या उग्र भाज्याही वर्ज्य. निषिद्ध पाच जिन्नसांच्या यादीत हिंगही आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांना हे जेवण फार जवळचं वाटेल. पेक्यांगसा मठाच्या परिसरात राहणाऱ्या भिक्खुणी जोंग ग्वान यांच्यामुळे या स्वयंपाकाकडे जगाचं लक्ष गेलं. त्यांच्या पद्धतीत सोया सॉस, द्वेनजांग आणि ऋतूतली भाजी एवढ्यावरच सारा भर आहे.

मांसाहारी वाचकांसाठी थोडक्यात: पुस्तकात बुलगोगीला, म्हणजे सोया सॉसच्या मसाल्यात मुरवून भाजलेल्या मांसाच्या पातळ कापांना, बीफ लिहिलेलं असतं, पण कोंबडीची बुलगोगीही कोरियात होते. बिनहाडाचं मांडीचं मांस घ्या, छातीचं कोरडं पडतं. गोव्यात चांगलं डुकराचं मांस सहज मिळतं, तिथे गोचुजांगमधलं जेयुक-बोक्कुम पहिल्यांदा करा. मांस अर्धवट गोठलेलं असताना कापलं की पातळ काप नीट पडतात.

महिन्याभराने: किमची, पण कोबीची नव्हे

किमचीने सुरुवात करू नका असं मी आग्रहाने सांगते, कारण तिची चव कळायला आधी गोचुगारू आणि मीठ हातात बसावं लागतं. आणि पहिली किमची मुळ्याची करा, काकदुगी. कोबीचा अख्खा गड्डा पानापानांत मीठ भरून खारवायला सराव लागतो. मुळ्याच्या फोडी कुणालाही करता येतात.

एक किलो जाड, रसरशीत मुळे सोलून दोन सेंटिमीटरच्या चौकोनी फोडी करा. आपला मुळा कोरियन मुळ्यापेक्षा बारीक, तिखट आणि पाणीदार असतो, म्हणून थंडीतला घ्या. पोकळ किंवा जून मुळा नको. 20 ग्रॅम मीठ आणि 10 ग्रॅम साखर चोळून तासभर ठेवा. सुटलेलं पाणी ओता, फोडी धुवू नका. एक मोठा चमचा तांदळाचं पीठ अर्धा कप पाण्यात शिजवून पातळ पेज करा आणि पूर्ण गार होऊ द्या. आधी फोडींना नुसती 30 ग्रॅम गोचुगारू चोळा, म्हणजे रंग धरतो. मग पेज, सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्या, एक छोटा चमचा किसलेलं आलं, चार पातीचे कांदे चिरून आणि तीन मोठे चमचे मासळीचा सॉस किंवा दोन मोठे चमचे सोया सॉस घालून कालवा. हातमोजे घाला, मिरची तासन् तास झोंबते. चाखून बघा. आत्ता किंचित जास्त खारट लागली तर बरोबर आहे.

काचेची बरणी स्वच्छ आणि कोरडी हवी. ती पाऊणच भरा आणि दाबून मधली हवा काढा, फोडी रसाखाली राहिल्या पाहिजेत. झाकण फार घट्ट लावू नका आणि खाली ताटली ठेवा, रस वर येऊन सांडतो. बाहेर किती वेळ ठेवायचं हे मात्र पुस्तकावरून ठरवू नका. 'एक ते दोन दिवस' असं लिहिणाऱ्याचं स्वयंपाकघर गार असतं. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे दहा-बारा तासांतच बुडबुडे दिसू लागतील, डिसेंबरात पुण्याला दीड-दोन दिवसही लागतील. घड्याळापेक्षा खुणा बघा: फोड दाबल्यावर बारीक बुडबुडे वर येतात, वासात आंबूसपणा येतो. हे दिसलं की फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ती हळूहळू आंबत राहते आणि आठवड्याभराने छान लागते. केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली तर बरणी सगळी टाकून द्या, वरचा थर काढून खाऊ नका.

कोरियात हिवाळ्याआधी घरची, शेजारची माणसं एकत्र येऊन वर्षाची किमची घालतात. त्याला किमजांग म्हणतात आणि 2013 मध्ये तीही प्रथा युनेस्कोच्या यादीत गेली. काकदुगी दोन-तीनदा जमली की चायनीज कोबी मिळतो त्या थंडीच्या दिवसांत एखाद्या मैत्रिणीला बोलावून कोबीची किमची घाला. एकाने मीठ भरायचं, दुसऱ्याने मसाला. काम निम्मं होतं.

तीन-चार आठवड्यांनी काकदुगी नुसती खायला फार आंबट होईल. टाकू नका, ती आता शिजवायची आहे. वाटीभर फोडी बारीक चिरून मोठ्या चमचाभर तेलावर चार मिनिटं परता. अर्धा छोटा चमचा साखर आणि एक छोटा चमचा गोचुजांग घाला. मग दोन वाट्या शिळा, फ्रिजमधला भात आणि बरणीतला दोन चमचे रस टाकून मोठ्या आचेवर मोकळा करा. भात तळाला किंचित खरपूस लागू द्या. गॅस बंद करून तिळाचं तेल, वर तळलेलं अंडं, आणि असेल तर चुरडलेला समुद्री शेवाळाचा कागद. मीठ घालायची गरज पडत नाही.